आधी सोमलाचा हिशेब, मग सोन्याचा

बांसवाडा जिल्ह्यातल्या भूकिया-जगपुरा पट्ट्यात सोने आहे, ही बातमी वडोदऱ्यात वाचली जाते ती सोन्याच्या भावाच्या अंगाने. सरकारी आकडा मोठाच आहे: सुमारे ११.३५ कोटी टन खनिज आणि त्यात २२२ टनांच्या आसपास सोने. टनामागे दोन ग्रॅमही पडत नाहीत, पण आजच्या भावात तेवढे पुरते. देश वर्षाला शेकडो टन सोने बाहेरून आणतो आणि स्वतःच्या खाणींतून एक-दोन टन काढतो. तेव्हा कोणत्याही सरकारला या पट्ट्याचा मोह पडणार, त्यात गैर काही नाही.

पण हे सोने आर्सेनोपायराइट आणि लोलिंगाइट या आर्सेनिकच्या (ज्यापासून सोमल हे विष होते त्या मूलद्रव्याच्या) खनिजांच्या संगतीने बसलेले आहे, आणि बांसवाडा जिल्हा महीच्या खोऱ्यात येतो. मही तिथून कडाणा धरणात उतरते, वणाकबोरीचा बंधारा ओलांडते आणि आपल्या वडोदऱ्याच्या फाजलपूर, रायका, दोडका, पोईचा इथल्या फ्रेंच विहिरींपाशी, म्हणजे नदीतळाच्या वाळूतून पाणी ओढणाऱ्या विहिरींपाशी, येते. शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्यात आजवा सरोवराचा वाटा आहे, नर्मदेचा आहे, आणि महीचा तर मोठाच आहे. म्हणून खाण राजस्थानात असली तरी तिच्यातले खनिज कोणत्या पद्धतीने फोडणार, हा प्रश्न वडोदऱ्याचाही आहे. आमचे म्हणणे एवढेच की सोने किती टक्के हाती लागेल, हे विचारण्याआधी आर्सेनिक कुठे जाणार ते विचारले पाहिजे. त्याचे उत्तर कागदावर, किलोच्या हिशेबात मिळत नसेल, तर धातुकाम सुरू करायला परवानगी देऊ नये.

सोन्याची साधी खनिजे दळली, चुन्याने पाण्याचा सामू साडेदहाच्या आसपास ठेवला, सोडियम सायनाइडचे विरळ द्रावण आणि हवा दिली की दिवसभरात नव्वद टक्क्यांवर सोने विरघळते. (हे सोडियम सायनाइड आपल्याच शहराच्या वेशीवर तयार होते, हे किती जणांना माहीत असते कोण जाणे.) रिफ्रॅक्टरी, म्हणजे सोने सहजी न सोडणाऱ्या, खनिजात तसे होत नाही. तिथे सोन्याचे कण इतके सूक्ष्म असतात की ते पायराइट किंवा आर्सेनोपायराइटच्या स्फटिकात अडकून पडतात. कितीही दळा, सायनाइड त्यांच्यापर्यंत पोचत नाही. अडचणीचा दुसरा प्रकार आणखी चिवट आहे. खनिजात सक्रिय कार्बन असला तर सायनाइडने विरघळवलेले सोने तोच पुन्हा शोषून घेतो. सोने द्रावणात आले आणि चोराच्या हाती गेले, अशी गत होते. या दोन्ही अडचणींवरचा जुना इलाज म्हणजे भाजणे.

भाजताना गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन उडतो, आर्सेनिक ट्रायऑक्साइड होऊन उडतो, कार्बन जळतो, आणि मागे लोहाच्या ऑक्साइडचा लाल-तपकिरी कण उरतो. तो लाहीसारखा सच्छिद्र झाला तर सायनाइड आत शिरते आणि वसुली पन्नास-साठ टक्क्यांवरून नव्वदच्या घरात जाऊ शकते. सांगायला सोपे, करायला नाही. तापमान साडेपाचशेच्या खाली रेंगाळले तर गंधक पुरता जात नाही. अर्धवट भाजलेला लोहाचा सल्फाइड पुढे टाकीतला ऑक्सिजन आणि सायनाइड दोन्ही खातो. सातशेच्या वर गेले तर उलटे होते: कण वितळू-चिकटू लागतात, छिद्रे बुजतात आणि सोने नव्याने कोंडले जाते. हे नुकसान भरून येत नाही, तो माल पुन्हा भाजूनही उपयोग नसतो.

आर्सेनिक जास्त असेल तर आणखी एक फास आहे. सुरुवातीलाच भरपूर हवा दिली तर आर्सेनिक उडण्याऐवजी लोहाशी जोडले जाऊन आर्सेनेट बनते आणि कणातच बसते. सोने त्याच्या आड जाते, आणि तो आर्सेनेट पुढे अल्कधर्मी टाकीत हळूहळू विरघळत राहतो. म्हणून भाजणी दोन टप्प्यांत करतात. पहिल्या फ्लुइडाइज्ड बेडमध्ये (खालून येणाऱ्या हवेवर माल तरंगत ठेवणाऱ्या भट्टीत) हवा मुद्दाम तोकडी ठेवून ४५० ते ५५० अंशांना आर्सेनिक उडवायचे, दुसऱ्यात हवा मोकळी सोडून ६०० ते ६५० अंशांना गंधक आणि कार्बन जाळायचे. मालातला गंधक पाळीपाळीला बदलत असेल तर बेडचे तापमानही उड्या मारते, कारण उष्णता त्या गंधकातूनच येते. पाणी फवारून ते आवरतात. पण त्या पाण्याची वाफ पुढच्या सगळ्या वायुयंत्रणेवर ओझे टाकते. भट्टीवरच्या माणसाच्या हातात खरे नियंत्रण असते ते मालाच्या मिश्रणाचे. आठवडाभराचा साठा एकजीव करून भट्टीत घालणारा कारखाना नीट चालतो, आला ट्रक तसा ओतणारा चालत नाही.

आता किलोचा हिशेब. समजा फेनतरणाने, म्हणजे दळलेल्या खनिजातले कामाचे कण फेसावर उचलून, तयार केलेल्या एका टन कॉन्सन्ट्रेटमध्ये (एकवटलेल्या मालात) २० टक्के गंधक, ८ टक्के आर्सेनिक आणि ४० ग्रॅम सोने आहे. हे उदाहरण आमचे, भूकियाचे आकडे नव्हेत. पण अशा प्रकारच्या मालासाठी ते विचित्रही नाही. या टनातून ४०० किलो सल्फर डायऑक्साइड आणि १०६ किलो आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे पांढरा सोमल, निघतो. दहा ग्रॅमच्या एका अंगठीमागे साडेसव्वीस किलो सोमल. दिवसाला असा दोनशे टन माल भाजणारी भट्टी वर्षात ३३० दिवस चालली तर सोमल होतो सात हजार टन. तीस वर्षांत दोन लाख टनांहून जास्त.

दोन लाख टन सोमल म्हणजे काय, हे कल्पनेने ताडायची गरज नाही. कॅनडात यलोनाइफ शहराला लागून जायंट नावाची खाण होती. १९४८ पासून तिथे सोने निघाले, आर्सेनोपायराइट भाजले गेले, आणि खाण २००४ मध्ये कायमची थांबली. मागे जमिनीखालच्या दालनांत २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइडची भुकटी राहिली. सुरुवातीच्या वर्षांत वायू जवळपास तसाच सोडला जात होता. १९५१ मध्ये जवळच्या डेने आदिवासी वस्तीतले एक मूल आर्सेनिकच्या विषबाधेने दगावले, कारण तिथे बर्फ वितळवून पाणी पिण्याची रीत होती आणि बर्फावर भट्टीची राख बसलेली होती. त्यानंतर धूळ पकडणारी यंत्रे आली. यंत्रांनी धूळ पकडली, आणि पकडलेली धूळ जमिनीत पुरली गेली. आज कॅनडाचे सरकार त्या दालनांभोवतीचा खडक गोठवून ठेवण्याचे काम करत आहे, म्हणजे पाणी आत शिरू नये. २०२२ मध्ये या सगळ्या निस्तरण्याचा अंदाज ४.३८ अब्ज कॅनेडियन डॉलर होता. खाणीची कंपनी केव्हाच बुडाली होती, पैसा करदात्यांचा.

यलोनाइफला निदान थंडी तरी मदतीला आहे. बांसवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर असतो आणि जुलैत नाले दुथडी भरतात. तिथे खडक गोठवायची भाषा कुणी करणार नाही. आणि सोमल पाण्यात विरघळतो, हे विसरून चालत नाही. २५ अंशांना लिटरमागे वीस ग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्यात आपल्या मानकानुसार आर्सेनिक लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत चालते. म्हणजे सोमलाचे एक लिटर संपृक्त द्रावण पंधरा लाख लिटर पाणी त्या मर्यादेवर आणून ठेवू शकते.

यावर धातुशास्त्रज्ञांचे रास्त उत्तर असे: हे सत्तर वर्षांपूर्वीचे तंत्र, आता तसे कुणी भाजत नाही. बरोबर आहे. अमेरिकेतल्या नेवाडात आजही मोठे रोस्टर, म्हणजे भाजणीच्या भट्ट्या, चालतात आणि त्यांच्यामागे वायू शुद्ध करणारी यंत्रांची रांगच असते. आधी वायू गरगर फिरवून जाड धूळ पाडणारा सायक्लोन, मग गरम अवस्थेतच विजेच्या भाराने धूळ पकडणारा ईएसपी, मग वायू थंड करून धुणे, पाऱ्यासाठी वेगळा टप्पा, शेवटी गंधकाच्या वायूचे आम्ल. तिथल्या खनिजांत सोने शोषणारा कार्बन आहे. कार्बनवर दाब-ऑक्सिडीकरण किंवा जिवाणू (या भाजणीऐवजीच्या पद्धतींबद्दल पुढे सांगतो) फारसे काही करू शकत नाहीत, भाजणेच लागू पडते. म्हणून ‘भाजणे म्हणजे पाप’ असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत आम्ही उभे नाही. कार्बन असेल आणि आर्सेनिक किरकोळ असेल तर भाजणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरू शकतो.

पण त्या रांगेतल्या प्रत्येक यंत्राला स्वतःच्या खोडी असतात, आणि त्या प्रकल्प अहवालात नसतात. ईएसपी गरम, साधारण साडेतीनशे अंशांवर चालवावा लागतो, म्हणजे सोमल वायुरूपातच पुढे जातो आणि सोन्याची धूळ मागे पकडली जाते. तो थंड पडला की दोन्ही एकत्र बसतात आणि सोने असलेला विषारी चिखल तयार होतो, जो परत भट्टीत घालावा लागतो. पुढे वायू शंभर अंशांच्या आसपास उतरवून बॅगफिल्टरमध्ये, म्हणजे कापडी पिशव्यांच्या गाळणीत, सोमल पकडतात. या वाटेत कुठे पत्र्याचा सांधा गळका असला, बाहेरची हवा आत आली, की त्या थंड जागी सोमल आणि आम्ल दोन्ही जमतात, पत्रा खाल्ला जातो, गळती वाढते. आत आलेली हवा गंधकाचा वायू पातळ करते, आणि तो पाच-सहा टक्क्यांच्या खाली गेला की आम्लाचा कारखाना स्वतःच्या उष्णतेवर तग धरत नाही. मग चुन्याने धुवावे लागते. वरच्या उदाहरणातल्या ४०० किलो वायूला कागदावर ३५० किलो शुद्ध चुना लागतो आणि टनाहून जास्त ओले जिप्सम तयार होते. तेही आर्सेनिकचा अंश घेऊन.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे वीज जाण्याची. आयडी पंखा, म्हणजे भट्टीतला वायू ओढून घेणारा पंखा, थांबला की भट्टीतला दाब बाहेरच्यापेक्षा वर जातो आणि वायू जिथे फट मिळेल तिथून कामगारांच्या अंगावर येतो. स्फोट टाळायला बायपासची झडप उघडते आणि न धुतलेला वायू थेट धुराड्यात जातो. वर्षभराची सरासरी काढली तर हे तास दिसतही नाहीत. म्हणून सरासरीवर विश्वास ठेवू नये. बायपास झडप किती वेळा आणि किती मिनिटे उघडली, याची आपोआप होणारी नोंद जाहीर असली पाहिजे. पंख्याला स्वतंत्र जनरेटर असला पाहिजे. आणि बॅगफिल्टर साफ करणाऱ्या माणसाची, जो बहुधा ठेकेदाराचा असतो, लघवीतल्या आर्सेनिकची नियमित तपासणी झाली पाहिजे. सोमल घामेजल्या त्वचेला, काखेला, नाकाच्या पडद्याला आधी खातो. रक्ताच्या तपासणीत तो लवकर दिसेनासा होतो.

मग दुसरे मार्ग काय? ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला शहराजवळच्या भट्ट्यांचा धूर असह्य झाला तेव्हा १९८९ मध्ये भाजणी शहराबाहेर गिजी इथे नेली. २०१५ मध्ये ती भट्टीही बंद केली आणि त्याऐवजी सगळा माल अतिशय बारीक, दहा-बारा मायक्रॉनपर्यंत दळला जाऊ लागला. प्रत्येक खनिजाला हे लागू पडत नाही, पण जिथे पडते तिथे धुराचा प्रश्नच उरत नाही. दक्षिण आफ्रिकेत फेअरव्ह्यू खाणीवर १९८६ पासून जिवाणू हे काम करतात: ४० ते ४५ अंशांच्या आम्लयुक्त टाक्यांत, चार ते सहा दिवस, हवेचा भरपूर मारा देत. दाब-ऑक्सिडीकरणात २०० अंशांच्या आसपास, ऑक्सिजनच्या मोठ्या दाबाखाली तासाभरात तेच होते. कॅलिफोर्नियातल्या मॅकलॉफ्लिन खाणीत सोन्यासाठी हे १९८५ मध्ये सुरू झाले.

या दोन्ही ओल्या पद्धतींत आर्सेनिक हवेत जातच नाही. ते लोहाच्या आर्सेनेटच्या रूपात घट्ट बसते. इथेही अटी आहेत. द्रावणात आर्सेनिकच्या तिपटीहून जास्त, अणूंच्या हिशेबात, लोह लागते. हा गाळ सायनाइडच्या अल्कधर्मी टेलिंग्जमध्ये (सोने काढून उरलेल्या गाळात) मिसळायचा नाही, कारण सामू वर गेला की तो फुटतो. सेंद्रिय कचऱ्याखाली, हवा न मिळता कुजत ठेवला तरी फुटतो. त्याला वेगळे, अस्तर घातलेले तळेच हवे. जिवाणूंच्या पद्धतीत सायनाइड जास्त लागते, कारण अर्धवट ऑक्सिडीकरण झालेल्या गंधकामुळे थायोसायनेट बनतो. राजस्थानच्या उन्हाळ्यात त्या टाक्या थंड ठेवायला पाणीही बरेच लागेल. भूकियाचे सोने कार्बोनेटी खडकात आहे. तो खडक आम्ल खातो, म्हणून फेनतरणात त्याला आधी वेगळे काढावे लागेल. मात्र नंतर आम्ल शमवायला तोच जवळचा आणि स्वस्त माल ठरेल. खर्च जास्त, वसुली कदाचित दोन-तीन टक्के कमी. आमच्या मते महीच्या खोऱ्यात तो खर्च करावाच लागेल, आणि ज्याला तो परवडत नाही त्याची खाण फायद्याची नाहीच. तिचा तोटा फक्त दुसऱ्याच्या वहीत लिहिला जातो.

हे सगळे तर्काने नव्हे, चाचणीने ठरते, आणि चाचणी महाग नाही. पंच्याहत्तर मायक्रॉनपर्यंत दळलेल्या नमुन्याला एकदा नुसते सायनाइड द्यायचे, एकदा सक्रिय कोळशासह. दोन्हींतला फरक म्हणजे खनिजातला कार्बन किती सोने चोरतो त्याचे माप. मग दहा मायक्रॉनपर्यंत दळून पुन्हा तेच. मग जिवाणू, दाब, आणि शेवटी प्रयोगशाळेतल्या छोट्या मफल भट्टीत ५००, ५५०, ६०० आणि ६५० अंशांना भाजून. ट्रेमधला थर काही मिलिमीटरच हवा, दर दहा मिनिटांनी ढवळायचा, नाहीतर वरचा माल जळतो आणि खालचा कच्चा राहतो. प्रत्येक भाजणीआधी आणि नंतर वजन, गंधक, आर्सेनिक मोजायचे. वायू धुणाऱ्या बाटल्यांतले आर्सेनिकही मोजायचे, म्हणजे गेले कुठे याचा ताळा बसतो. ताळा पंचाण्णव टक्क्यांखाली असेल तर त्या अहवालावर सही करणाऱ्याला परत प्रयोगशाळेत पाठवावे. हे सर्व निकाल पर्यावरण अहवालाच्या परिशिष्टात, नमुने कुठून घेतले त्यासह, जाहीर असावेत.

कुणी असेही सुचवेल की भाजायचे काम दहेजकडे किंवा नंदेसरीकडे न्यावे, म्हणजे आम्लाला गिऱ्हाईक मिळेल. आम्लाला मिळेल, सोमलाला नाही. ज्याला बाजार नाही तो माल शेकडो किलोमीटर वाहून आणायचा आणि इथे साठवायचा, यात कसले शहाणपण? शिवाय या शहराने स्वतःचे रासायनिक सांडपाणी १९८३ पासून नाल्याने नेऊन महीच्या मुखाकडे सोडले आहे. नदीबद्दल बोलताना आपला स्वर जरा खालीच असावा.

अंतराचा मुद्दा मात्र नीट तपासू. मध्ये कडाणा आहे, गाळ तिथे बसेल, हे खरे. पण बसलेला गाळ म्हणजे गेलेले आर्सेनिक नव्हे. धरणाच्या तळाशी उन्हाळ्यात ऑक्सिजन संपतो, लोहाचे ऑक्साइड विरघळते आणि त्याला चिकटलेले आर्सेनिक त्रिसंयुजी रूपात पाण्यात परत येते. या रूपावर साध्या सामूला विद्युतभार नसतो, म्हणून तुरटी त्याला पकडत नाही. आधी क्लोरीन देऊन त्याचे पंचसंयुजी करावे लागते, मग लोहक्षाराने खाली बसवावे लागते. फ्रेंच विहिरी नदीतळाच्या वाळूतून पाणी ओढतात. गढूळपणा ती वाळू अडवते, विरघळलेले आर्सेनिक भरवशाने अडवत नाही.

२००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते ती प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या जवळ. प्रवाहाच्या खालच्या बाजूच्या जिल्ह्यांना बोलवायची सक्ती नाही, आणि ती असावी. पण त्याच अधिसूचनेत ज्यांचा रास्त संबंध आहे त्यांना लेखी म्हणणे पाठवायची मुभा आहे. सुनावणीच्या नोटिशीनंतर किमान तीस दिवस मिळतात. वडोदरा महानगरपालिकेने पाणीपुरवठा खात्यामार्फत ते पाठवावे, आणि त्यात एकच मागणी ठळक असावी: आर्सेनिकचा किलोनिहाय ताळेबंद, खनिजापासून अंतिम तळ्यापर्यंत, आणि खाण बंद झाल्यानंतरच्या देखभालीची आगाऊ ठेव.

त्याआधी एक काम आपल्याच हातात आहे, आणि ते खाण सुरू होण्यापूर्वीच करता येते. कडाण्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे, वणाकबोरीचे आणि चारही फ्रेंच विहिरींचे पाणी वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, आर्सेनिकसाठी तपासून ठेवावे. विरघळलेल्या आर्सेनिकसाठीचा नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून नायट्रिक आम्लाने सामू दोनच्या खाली आणावा. त्रिसंयुजी-पंचसंयुजी वेगळे मोजायचे तर नायट्रिक चालत नाही, ते स्वतःच ऑक्सिडीकरण करते. त्या बाटलीत ईडीटीए हे धातू बांधून ठेवणारे रसायन घालून ती अंधारात आणि थंड ठेवावी. धरणाच्या गाळाचे नमुनेही घ्यावेत. महाराजा सयाजीराव विद्यापीठात धातुशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे, काम तिथे देता येईल. चार-पाच वर्षांची ही नोंद हाती नसेल तर उद्या पाण्यात आर्सेनिक सापडले तरी ‘ते आधीपासूनच होते’ या एका वाक्यापुढे महानगरपालिकेचा वकील गप्प बसेल.